एका कार्डावर दोघी

भोसरीतल्या त्या खोल्यांच्या ओळीत दवाखान्याचं कार्ड मागायला कुणाला संकोच वाटत नसे. विरजण मागावं, चाळण मागावी, तसं बायका कार्ड मागत. "शालनबाई, पोरगं लई खोकतंय, दोन दिस कार्ड द्या की." कार्ड कामगार विम्याचं. ज्याची नोकरी कायम त्यालाच ते मिळे. त्यावर त्याच्या बायकोपोरांची नावं आणि वयं लिहिलेली असत, फोटो नसे. ओळीत बारा खोल्या होत्या आणि कायम नोकरीची माणसं तीन. त्या तीन कार्डांवर बाराही घरं औषध आणत. बाटलीवर नाव एकाचं, घसा दुसऱ्याचा, तरी खोकला थांबायचा. त्यामुळे यात काही चुकतंय असं कुणाला कधी वाटलं नाही.

शालनचा नवरा ज्योतीराम वाळुंज त्या तिघांतला एक. मोठ्या कंपनीत लेथवर होता, युनियनच्या कमिटीवरही होता. त्याचा धाकटा भाऊ खंडू मात्र वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी पत्रा दाबायचं प्रेस मशीन चालवायचा. तिथला मालक हजेरीच लिहीत नसे, मग विमा कुठून असणार? दोघे भाऊ शेजारशेजारच्या खोल्यांत राहत आणि चूल एकच होती.

खंडूच्या बायकोचं, सोजरचं, पहिलं मूल गावाकडे अडून मेलं. सुईण दोन दिवस तिच्या पोटावर बसत होती. दुसरं इथेच खोलीत झालं आणि आठ दिवसांत गेलं. तिसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा ज्योतीरामने जेवता जेवता सांगून टाकलं, "ह्या टायमाला दवाखान्यात जायचं. शालनच्या नावावर. दोन वर्षांत दुसरं पोर, कुणाला शंका येतीय?" बोलून तो ताक प्यायला. शालनला नवऱ्याचा अभिमान वाटला. भावाच्या बायकोसाठी कोण एवढं करतो?

हे सत्त्याहत्तर सालचं. वैशाख होता. सकाळी सातला सोजरला कळा सुरू झाल्या आणि खंडूने मालकाचा टेम्पो आणला. मागे बिडाचे ओतीव तुकडे तसेच पडले होते. त्यांवर गोधडी टाकून सोजरला निजवलं. खड्डा आला की लोखंड खालून ठोसे मारी. कळ आली तेव्हा सोजरने शालनचा हात धरला आणि मनगटाला चावा घेतला, असा की दातांच्या खुणांतून रक्त आलं.

"सोड गं, भवाने," शालन ओरडली.

"आक्का, तुला लागलं व्हय?" म्हणून ती हसली आणि पुढच्या कळेला पुन्हा चावली.

दवाखान्यात दारातच सुमेधा सिस्टर भेटली. पंचविशीची होती, बदलून येऊन दोन महिने झालेले. तिने कागद पुढे ओढला. शालनने नाव सांगितलं, "शालन ज्योतीराम वाळुंज. वय चोवीस."

"हिला बोलू दे ना. काय गं, तू शालन ना?"

सोजरने मान हलवली.

"आणि तुम्ही कोण?"

"मी सोजर. हिची जाऊ."

खाटेवर नेताना सोजर तिच्या कानाशी म्हणाली, "आज मी थोरली. पाया पड माझ्या." इतक्या कळांत तिला हे सुचलं. ओळीतल्या बायका म्हणायच्या तेच खरं, ही बाई सरणावरसुद्धा थट्टा करील. कोपऱ्यात फरशी पुसणाऱ्या आयाने मात्र मान वर करून दोघींकडे नीट पाहिलं. दोन वर्षांपूर्वी शालनच्या पोराला हिनेच आंघोळ घातली होती. मग ती पुन्हा फरशी पुसू लागली. तिने असले प्रकार आठवड्याला दोन पाहिले असतील.

नऊ वाजता मुलगी झाली. चांगली रडली. खंडूने दारातून तिला पाहिलं, ज्योतीरामच्या खांद्यावर थाप मारली, "दादा, जगली की रं!" म्हणाला आणि टेम्पो परत द्यायला गेला.

त्यानंतर रक्त थांबेना.

बाळंतपणात रक्त जातं हे शालनला ठाऊक होतं; पण हे तसं नव्हतं. खाटेखाली तामचिनीचं भांडं ठेवलं होतं, ते भरलं. दुसरं ठेवलं. डॉक्टर एकटाच होता. मोठे डॉक्टर पुण्याला मीटिंगला गेलेले. त्याने सोजरच्या पोटावर मूठ ठेवून सगळा भार टाकला, पीठ तिंबावं तसा तो दाबत राहिला. सोजर ओरडत होती, मग नुसती कण्हू लागली, मग कण्हणंही कमी झालं. डॉक्टरचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते.

"रक्त लागेल," तो म्हणाला. "गट?"

सुमेधा सिस्टर धावत गेली. जुने कागद कार्डाच्या नंबराप्रमाणे लावून ठेवलेले असत. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा खुलला होता. "सापडला! हिच्या मागच्या बाळंतपणाचा कागद. बी गट. आणि फ्रिजमध्ये बीच्या दोन बाटल्या आहेत."

"दत्तोबा आलाय?"

"अकराला येतात." दत्तोबा रक्त तपासणारा.

"जुळवून बघायला हवं, सिस्टर."

"डॉक्टर, नाडी लागत नाहीये."

डॉक्टरने खालच्या भांड्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. सव्वादहा झाले होते. "लावा," तो म्हणाला.

शालन पडद्याजवळ उभी होती. बाटली टांगलेली तिने पाहिली आणि तिला एकदम आठवलं. दोन वर्षांपूर्वी दत्तोबाने तिच्या बोटाला सुई टोचली होती आणि लाल शाईने कागदावर एक अक्षर लिहून म्हटलं होतं, "हा तुमचा गट. ध्यानात ठेवा." तो कागद तिचा. हे रक्त तिच्यासाठीचं. तिने दाराकडे पाहिलं. ज्योतीराम तिथे उभा होता. तिच्या मनात काय आलं ते त्याला कळलं असावं, कारण त्याने मान अगदी जराशी, नाही अशी, हलवली.

मग तिने मनाची समजूत घातली. आम्ही एका घरातल्या जावा. एका चुलीवरचं खातो, एका आडाचं पाणी पितो, पाच वर्षं झाली. रक्त वेगळं असून असून किती असणार? तरी तिने विचारलंच, "बाई, दुसऱ्याचं रक्त चालतं ना हिला?"

रक्त कुणी दिलं याचीच हिला शंका येतेय, असं सिस्टरला वाटलं. बायका विचारत, कुणाचं रक्त, कुठल्या जातीचं. सुई शिरेत सारता सारता ती प्रेमाने म्हणाली, "चालतं हो. गट जुळला की झालं. तुम्ही बसा बघू."

आणि शालन बसली.

पाव बाटली गेली असेल. सोजर थरथरू लागली. आधी दात वाजले, मग सगळी खाट वाजू लागली. "कंबर," ती किंचाळली, "कंबर फोडली माझी, आक्का, कोण मारतंय गं?" तिने हात झटकला, सुई उपटली गेली आणि भिंतीवर रक्ताची रेघ उठली. तिचा चेहरा तांब्यासारखा झाला. दोघींनी धरूनही ती धरवेना. तिने सिस्टरच्या छातीत लाथ घातली. डॉक्टर ओरडला, "बंद करा! बाटली काढा! कागद कुठाय?" लघवीच्या नळीतून पाण्याच्या जागी गडद, काळपट लाल आलं.

दत्तोबा अकराला आला तो चपला काढायच्या आत टेबलाशी बसला. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर थेंब ठेवून त्याने ढवळले आणि डोळे वर न करता म्हणाला, "ओ आहे. कागदावर बी गट लिहिलाय. कागद कुणाचा?"

डॉक्टरने ज्योतीरामचा दंड धरला. "खरं सांगा. ही शालनच ना? कार्डावरची?"

"माझी बायको हाय ती," ज्योतीराम म्हणाला. "माझ्या बायकूचं नाव मला इचारता?"

डॉक्टर शालनकडे वळला. तिने खाली पाहिलं. खाली फरशीवर सोजरच्या बांगड्या फुटून पडल्या होत्या.

साडेअकराला सोजर गेली. शेवटची दहा मिनिटं ती कुणाला ओळखत नव्हती.

ज्योतीरामने शालनला ओढतच पाण्याच्या टाकीमागे नेलं. त्याने तिचे दोन्ही खांदे भिंतीला दाबले. "ऐक. मेली ती शालन. कागदावर तसंच हाय आन तसंच ऱ्हाणार. ह्या घडीपासनं तू सोजर. पोलिसांनी इचारलं तर सोजर, कंपनीनं इचारलं तर सोजर."

"आन घरी?"

"घरचं घरी बघू."

"अवो, त्या सिस्टरनं काय केलंय? तिनं तर इचारलं होतं मला."

"कार्ड दुसऱ्याला दिलं म्हणून माझी नोकरी जाईल, वर खटला. दोन्ही घरं माझ्या पगारावर हायेत. तिच्यामागं सरकार हाय. आपल्यामागं कोण हाय?" त्याने तिला एकदा भिंतीवर आपटलं, फार जोरात नाही, लक्षात राहील इतकंच. "एक सबूद काढलास तर पोरासकट गावाला धाडीन."

बाराच्या भोंग्याला बातमी शेडमध्ये पोचली होती. जेवणाच्या सुट्टीत माणसं आली, तीही हातातलं काम तसंच घेऊन. कुणाच्या हाती पान्हा, कुणाच्या हाती कानस, एकाच्या हाती नुसता डबा. पुढे खंडू. तो रडत नव्हता. सोजरच्या अंगावरची चादर त्याने दूर केली, तिचं ते तांबडं-काळं पडलेलं तोंड पाहिलं, चादर पुन्हा ओढली आणि विचारलं, "कुणी?"

"सिस्टरनं," ज्योतीराम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "चुकीचं रक्त घातलं. तो तपासणारा बोलला, मी माझ्या कानानं ऐकलं. दुसऱ्या गटाचं रक्त घालून मारली बाई!"

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. शालनला त्याचीच जास्त भीती वाटली.

पहिली काच कुणी फोडली ते कळलं नाही. नंतर मोजायला काचाच उरल्या नाहीत. सलाइनचे लोखंडी दांडे माणसांनी लाठ्यांसारखे उपसले. औषधांचं कपाट पालथं पडलं आणि फरशीवर गुलाबी, जांभळी ओल पसरली. बाळंतिणी पोरं छातीशी धरून खाटांखाली शिरल्या. डॉक्टर मागच्या भिंतीवरून उडी मारून पोलीस चौकीकडे पळाला. त्याला कुणीतरी फेकलेली वीट पाठीत लागली तरी थांबला नाही. दत्तोबाने तपासणीच्या खोलीचं दार लावलं होतं. ते तोडलं आणि त्याच्याच स्टुलाने त्याला झोडपलं. तो टेबलाखाली दोन्ही हातांनी खिसा दाबून पडून राहिला.

पलीकडच्या ओळीतली एक बाई छाती बडवत ओरडत होती, "गेल्या साली माझ्या मालकाला ट्रकात घालून नेला ह्यांनी! कापून सोडला! आता बायकांवर आले, सोडू नका रं!" ती सिस्टर गेल्या साली इथे नव्हतीच. पण हे सांगणार कोण, आणि ऐकणार कोण? त्या गर्दीतल्या कितीजणांना गेल्या साली पोलीस नसबंदीसाठी न्यायला आले होते, कितीजण शेतात लपले होते. तो राग वर्षभर घरात पडून होता. आज त्याला दार सापडलं.

सिस्टर सापडली ती धुतलेल्या चादरींच्या कपाटात. चार जणांनी ओढून काढली. तिने कपाटाची कड धरून ठेवली होती. एकाने बोटांवर डबा मारला तेव्हा सुटली. एकाने तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला फरशीवरून, काचांवरून फरफटत बाळंतिणींच्या खोलीत आणलं. टोपी गेली, एक बाही खांद्यापासून उसवली. तिच्या तोंडून एकच वाक्य येत होतं, "कागद बघा. अहो, कागद बघा."

"कागद!" खंडू म्हणाला. त्याने तिचा उजवा हात धरून खाटेच्या लोखंडी पट्टीवर ठेवला. "ह्याच हातानं लावलंस न्हवं?"

"खंडू, पोलीस यायच्या आत," ज्योतीराम म्हणाला.

शालन दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिच्या छातीशी सोजरची मुलगी होती. गोंधळात आयाने ती तिच्या हाती कोंबली होती. शालनने तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिला आपलं पोर दिसलं, गावाकडचं घर दिसलं, सासू दिसली, ज्योतीरामचा हात दिसला. एवढ्यात पान्हा खाली आला.

हाड मोडल्याचा आवाज शालनने जन्मात पहिल्यांदा ऐकला. सिस्टर ओरडली नाही; तिने श्वास आत ओढला आणि तो बाहेर यायला फार वेळ लागला. खंडूने पान्हा पुन्हा उचलला, या वेळी डोक्यावर.

"भावजी, मी मारली तिला," शालन म्हणाली.

खंडू थांबला. त्याला वाटलं, वहिनीच्या डोक्यावर परिणाम झाला.

"नाव मी खोटं सांगितलं. कागद माझा हाय. रक्त माझ्या गटाचं. सोजरचा गट येगळा व्हता, कुणाला म्हाईत न्हवतं. हिनं मला इचारलं, तू कोण? मी म्हनलं, सोजर. बाटली लावली तवा मला कळलं होतं, भावजी. मी गप बसले."

ज्योतीरामचा तडाखा तिच्या तोंडावर बसला. पोर सांभाळायचं म्हणून तिला हात वर करता आला नाही. ती खाटेवर आदळली. तोंडात रक्त आणि दाताचा तुकडा आला, ती थुंकली. "येडी झालीय," ज्योतीराम गर्दीला म्हणाला. "जाव मेली म्हणून येडी झालीय. हिला भायेर न्या रे." तो पुन्हा धावला आणि त्याने तिच्या पोटऱ्यांवर लाथ घातली. ती खाली बसली, बाळावर वाकून. पाठीत लाथ, पुन्हा लाथ. ती वाकूनच ओरडली, "दत्तोबांना बोलवा! माझं रक्त बघा! खोटं असलं तर मला मारा, हिला कशाला मारता?"

"थांब दादा," खंडू म्हणाला.

"आरं, बाईमाणसाचं काय ऐकतो?"

"थांब म्हनलं ना."

दत्तोबाला दोघांनी काखेत हात घालून आणलं. त्याची भुवई फाटून डोळा झाकला होता. लोक आले तेव्हाच त्याने सोजरच्या रक्ताची काचेची नळी सगळ्यांत आधी खिशात टाकली होती, आणि मार खाताना त्याने तेवढी सांभाळली. फ्रिज आडवा पडला होता. त्यात गट तपासायच्या द्रवाची एक पिवळी कुपी शाबूत निघाली. त्याने फुटलेल्या फरशीचा पांढरा तुकडा उचलला, सदऱ्याला पुसला आणि खाटेवर ठेवला.

"तुम्ही कारखान्यातले आहात," तो म्हणाला. श्वास घेताना त्याच्या बरगड्या दुखत होत्या. "भोक मापात आहे का ते गेज लावून बघता ना? गेज खोटं बोलत नाही. हे तसंच. बी गटाचं रक्त असेल तर या पिवळ्यात त्याचे दाणे होतील. नसेल तर नाही. ही गेलेल्या बाईची नळी."

त्याने थेंब टाकला, काडीने ढवळला, फरशी डावीउजवीकडे कलती केली. पान्हा, कानस, डबा हाती घेतलेली वीसेक माणसं वाकून बघू लागली. थेंब सपाट, एकसारखा लाल राहिला.

"आता त्यांचं बोट द्या."

शालनने हात पुढे केला. सुईची गरज नव्हती. सकाळच्या चाव्याची जखम उघडी होती, पण दत्तोबाने रीतसर बोट टोचलं. थेंब पिवळ्यात पडला. क्षणभर काही झालं नाही. मग तो नासलेल्या दुधासारखा फुटला आणि लाल दाणे वेगळे झाले.

मागे कुणीतरी पान्हा हळूच खाटेवर ठेवून दिला.

"दादा," खंडू म्हणाला, "तुला कळलं होतं?"

"खंडू, माझी नोकरी..."

"बाटली लावली तवा तू दारात उभा व्हतास. तुला कळलं होतं?"

"मी कुणासाठी केलं रे हे? तुझ्या बायकूसाठीच केलं ना! माझ्या कार्डावर—"

खंडूने त्याला पान्ह्याचा पहिला फटका खांद्यावर मारला. दुसरा गुडघ्यावर. ज्योतीराम पडला, तरी तो मारत राहिला, आता पान्ह्याने नाही, नुसत्या मुठींनी, मग भावाचे केस धरून त्याचं डोकं फरशीवर आपटत. प्रत्येक ठोशाला तो एकच म्हणत होता, "सांगायचं व्हतं. सांगायचं व्हतं. सांगायचं व्हतं." मघाशी सिस्टरला ओढणारेच आता त्याला ओढत होते आणि तो त्यांना आवरत नव्हता. शालन उठली नाही. नवऱ्याला सोडवायला हवं हे तिला कळत होतं. तिचे पाय उठले नाहीत, आणि पुढे कितीतरी वर्षं, ते लाथांमुळे की आणखी कशामुळे, हे तिने स्वतःलाही सांगितलं नाही.

पोलिसांनी दोघा भावांना वेगळं केलं तेव्हा ज्योतीरामचा जबडा एका बाजूला लोंबत होता. हवालदाराने व्हरांड्यात, उरलेल्या एका खुर्चीत बसून लिहायला घेतलं. मयताचं नाव विचारलं. दवाखान्याच्या कागदावर शालन होतं. ज्योतीरामने, बोलता येत नसतानाही, त्या कागदावर बोट ठेवलं, पुन्हा पुन्हा ठेवलं.

"सोजर खंडू वाळुंज," शालन म्हणाली. "वय एकवीस. कागदावरची शालन मी हाय. आन खोटं सांगितलं तेही लिवा."

"बाई, तुमच्या नवऱ्याला हे महागात पडेल. तुम्हालाही," हवालदार म्हणाला. "समजतंय ना?"

"व्हय. लिवा."

लिहून होईपर्यंत दुपार कलली. खंडूला बेड्या घालून नेताना तो सोजरच्या खाटेजवळ थांबला नाही, मुलीकडेही त्याने पाहिलं नाही. शालनला त्याने ओलांडलं, दारातली फुटकी काच ओलांडावी तसं.

सुमेधा सिस्टर भिंतीला टेकून बसली होती. तिचा उजवा हात लाकडी फळीवर बांधला होता आणि तीन बोटं निळी पडून सुजली होती. त्या हाताने ती पुन्हा सुई धरणार नव्हती. मोठे डॉक्टर पुण्याहून आल्यावर ते ठरणार होतं, पण तिला आताच कळलं होतं. शालन तिच्यापुढे बसली आणि पायांना हात लावायला वाकली.

सिस्टरने पाय आखडून घेतले.

"मी विचारलं होतं तुला," ती म्हणाली. मार खाताना ती रडली नव्हती. आता डोळे भरले. "दोघींनाही विचारलं होतं. दारात विचारलं. मग तू मला विचारलंस, दुसऱ्याचं चालतं का, तेव्हा नुसतं 'बाई, ही ती नाही' एवढं म्हणाली असतीस."

शालनने पायांकडे नेलेला हात मागे घेतला.

"आणि तो पान्हा पडायच्या आधी. तेव्हाही तू तिथेच होतीस. मी बघत होते तुझ्याकडे."

"व्हय," शालन म्हणाली.

मुलगी रडू लागली. जन्मल्यापासून सहा तास तिच्या पोटात काही गेलं नव्हतं. दवाखान्यातली दुधाची भुकटी फरशीवर सांडली होती, काचांत मिसळून. शालनचा मुलगा दोन वर्षांचा झाला तरी अजून अंगावर प्यायचा. तिने पदर पुढे घेतला आणि मग थबकली. जणू हेही कुणाला तरी विचारायला हवं होतं.

सिस्टरने डोळे मिटून घेतले. आवाज मात्र कामावरचाच निघाला.

"डोकं हातावर घे तिचं. असं नाही, जरा वर. नाक दाबू नकोस. पाज तिला. आणि झालं की उठून जा इथून, माझ्यासमोर थांबू नकोस."

शालनने बाळाचं डोकं जरा वर घेतलं. तिच्या फुटलेल्या ओठातून एक थेंब मुलीच्या कपाळावर पडला. तिने तो पदराने पुसला, आणि पुसून झाल्यावरही बराच वेळ पुसत राहिली.